दुधाच्या किडलेल्या दाढांवरील उपचार

दुधाचे दात एकूण २०, त्यांपैकी ८ दाढा. पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात, म्हणून सगळेच दुधाचे दात लवकर पडतात असा समज पक्का झाला आहे. दाढा मात्र ९ ते १२ वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ ‘पडणारच आहे’ म्हणून सोडून दिली, तर मुलाला पुढची पाच-सात वर्षे त्याच दाढेने चावायचे असते.

या दाढांवरचे एनॅमल (दाताचे कठीण बाहेरचे कवच) पातळ असते आणि नस पृष्ठभागापासून जवळ, त्यामुळे कीड आत लवकर पोचते. शेजारच्या दोन दाढा एकमेकींना रुंद भिडलेल्या असतात. कीड बहुधा त्या सांध्यात सुरू होते आणि वरून दाढ धडधाकट दिसते. अशी कीड बाइटविंग एक्स-रेमध्ये (दाढांमधल्या फटी दाखवणाऱ्या छोट्या एक्स-रेमध्ये) सापडते.

खड्डा लहान असेल तर फ्लोराइड वार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप), नीट घासणे आणि गोड खाण्याच्या वेळा कमी करणे यांनी कीड थांबू शकते. ३८ टक्के सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे चांदीयुक्त द्रव औषध नुसते लावले तरी मऊ झालेला भाग पुष्कळदा टणक होतो, पण कायमचा काळा पडतो. हे पालकांना आधी सांगायलाच हवे.

एकाच पृष्ठभागावरची कीड सिमेंट किंवा कॉम्पोझिट (दाताच्या रंगाचे भरण) भरून भागते. सांध्यातल्या किडीला मात्र फिलिंग पुष्कळदा पुरत नाही. ते निघते, कडेने पुन्हा कीड लागते. तिथे स्टीलची तयार कॅप जास्त भरवशाची. विल्यम हम्फ्री यांनी ती १९५० मध्ये बालदंतवैद्यकात आणली. स्कॉटलंडच्या दंतवैद्य नॉर्ना हॉल हीच कॅप इंजेक्शन न देता, दाढ न कोरता, कीडही न काढता सिमेंटने थेट बसवत. आतल्या जंतूंचा अन्नपुरवठा तुटला की कीड थंडावते, असा त्यामागचा विचार. आधी अनेकांना हे पटणे अवघड गेले. मग १३२ मुलांवरच्या चाचणीत प्रत्येकाच्या एका दाढेवर हॉल पद्धत आणि दुसरीवर नेहमीचे फिलिंग झाले. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत दुखणे, गळू अशी मोठी अपयशे फिलिंगमध्ये सुमारे १५ टक्के, तर कॅपमध्ये २ टक्के होती. कॅप सुरुवातीला उंच लागते. काही आठवड्यांत चावा आपोआप जुळतो. सुई आणि ड्रिल यांच्या भीतीने खुर्चीवर बसायलाही तयार नसलेल्या मुलासाठी ही फार मोठी सोय आहे.

रात्री झोपेतून उठवणारा ठणका, हिरडीवर पुटकुळी किंवा गालाला सूज असेल तर हॉल पद्धतीचा मार्ग बंद होतो. नसेचा फक्त वरचा भाग बिघडला असेल तर तेवढा काढून एमटीए हे सिमेंटसारखे औषध लावतात (पल्पोटॉमी). त्यासाठी पूर्वी वापरले जाणारे फॉर्मोक्रेसॉल हे औषध त्यातल्या फॉर्माल्डिहाइडमुळे मागे पडत गेले. मुळांपर्यंत बिघाड गेला असेल तर पल्पेक्टॉमी, म्हणजे मुळांतलीही नस काढणे. तिच्यात विरघळणारेच औषध भरतात, कारण खालून नवा दात येताना ही मुळे झिजणार असतात. त्या नव्या दातालाच वरच्या पुवाची झळ लागून त्याचे एनॅमल डागाळू शकते, म्हणून गळू रेंगाळत ठेवणे धोक्याचे.

दाढ वाचवण्यापलीकडे गेली की काढावी लागते. दुधाची दुसरी (मागची) दाढ लवकर गेली तर सहाव्या वर्षी तिच्यामागून येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि दुधाच्या दाढेच्या जागी येणाऱ्या कायमच्या उपदाढेची जागा अडवते. ती राखायला शेजारच्या दातावर तारेचा स्पेस मेंटेनर (जागा धरून ठेवणारे साधन) बसवतात आणि उपदाढ हिरडीतून डोकावू लागली की काढून घेतात.