प्रसरण झडप (प्रशीतन)

प्रशीतन यंत्राच्या संघनकात (वाफ थंड करून द्रव करणाऱ्या भागात) द्रवरूप झालेल्या प्रशीतकाचा, म्हणजे यंत्रात फिरून थंडावा देणाऱ्या पदार्थाचा, दाब एकदम उतरवणारी आणि बाष्पकात (द्रव उकळून थंडावा देणाऱ्या भागात) हा प्रशीतक किती प्रमाणात सोडायचा हे ठरवणारी झडप. बाष्प-संपीडन पद्धतीच्या यंत्रात संपीडक (वाफ दाबणारा कॉम्प्रेसर), संघनक, प्रसरण झडप आणि बाष्पक हे चार मुख्य भाग असून त्यांत आकाराने सर्वांत लहान भाग हाच असतो. कारागिरांमध्ये ‘एक्सपान्शन व्हॉल्व्ह’ हेच नाव रूढ आहे. घरगुती फ्रिजमध्ये हेच काम ‘कॅपिलरी’, म्हणजे अतिशय बारीक छिद्राची लांब तांब्याची नळी, करते. तिला हलता भाग नसल्यामुळे तिचा उल्लेख येथे तुलनेपुरताच केला आहे.

‘प्रसरण’ हे नाव काहीसे फसवे आहे. झडपेतून जाताना प्रशीतक बाहेर कोणतेही कार्य करत नाही. अरुंद वाटेने दाब पडतो आणि एन्थॅल्पी, म्हणजे पदार्थातील एकूण उष्णताधारणा, जवळजवळ तेवढीच राहते. हा थंडावा ज्यूल-थॉमसन परिणामाने, म्हणजे अरुंद वाटेने दाब उतरताना तापमान बदलण्याच्या गुणाने, येतो असे पाठ्यपुस्तकांत अनेकदा लिहिलेले आढळते. व्यापक अर्थाने ते चूक नाही. परंतु प्रशीतकाच्या बाबतीत द्रवाचा काही भाग झडपेतच उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या द्रवातून घेतो, हे स्पष्टीकरण अधिक नेमके आहे. आर-१३४ए हे प्रशीतक ४० अंश सेल्सिअसवर द्रवरूप होऊन ० अंशाच्या बाष्पकात गेले, तर वजनाने सुमारे २८ टक्के भाग झडपेतच वाफ होऊन जातो व पुढे थंडावा देण्याच्या कामी येत नाही. संघनकाचे तापमान ६० अंशांवर गेले, तर हेच प्रमाण सुमारे ४४ टक्के होते. अमोनियाची सुप्त उष्णता फार मोठी असल्याने ४० व ० अंशांमध्ये तेच प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास राहते.

झडपेच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. ऑलिव्हर एव्हान्स या अमेरिकी अभियंत्याने १८०५ मध्ये बंद चक्रात ईथर फिरवून बर्फ करण्याची कल्पना मांडली, पण यंत्र बांधले नाही. मूळचे अमेरिकी, पण लंडनमध्ये स्थायिक झालेले जेकब पर्किन्स यांनी १८३४ मध्ये ब्रिटिश पेटंट घेतले. त्यातील यंत्रात संघनक व बाष्पक यांच्यामध्ये दाब उतरवणारी झडप आहे. एव्हान्स यांच्या कल्पनेचा पर्किन्स यांच्यावर प्रभाव पडला, असे काही इतिहासकार मानतात. कल्पनेला मान द्यायचा तर एव्हान्स आणि झडप यंत्राचा भाग म्हणून मोजायची तर पर्किन्स, असा निवाडा करता येतो. यांपैकी दुसरा पक्ष अधिक ग्राह्य वाटतो, कारण एव्हान्स यांच्या मांडणीत झडपेचे स्वतंत्र महत्त्व ठळकपणे पुढे येत नाही. ऑस्ट्रेलियातील जेम्स हॅरिसन यांनी १८५० च्या दशकात ईथर यंत्रे व्यापारी वापरात आणली. या काळातील झडपा हाताने फिरवायच्या असत. तापमानाच्या संकेतावर आपोआप उघडझाप करणारी झडप मात्र बऱ्याच नंतरची असून ती साधारणपणे १९२० च्या दशकात अमेरिकेत आकाराला आली असे मानले जाते. डेन्मार्कमध्ये मॅड्स क्लॉसेन यांनी १९३३ मध्ये स्थापन केलेल्या उद्योगाचा, म्हणजे आजच्या डॅनफॉसचा, प्रारंभ अशाच झडपांपासून झाला.

स्वयंचलित तापनियंत्रित झडपेत एका पातळ पडद्यावर तीन बल काम करतात. बाष्पकातून बाहेर पडणाऱ्या नळीला बांधलेल्या बल्बमधील, म्हणजे भरणा घातलेल्या लहान बंद कुपीतील, दाब झडप उघडू पाहतो. बाष्पकाचा दाब आणि स्प्रिंग तिला मिटू पाहतात. नळीतील वाफ उकळबिंदूपेक्षा किती अधिक तापली आहे, यावर उघडझाप ठरते. हे अतितापन सामान्यतः ४ ते ७ अंश ठेवतात. ते फार कमी ठेवले तर द्रव संपीडकात शिरून त्याची मोडतोड होते आणि फार वाढवले तर बाष्पकाचा मागचा भाग रिकामा राहतो. बल्ब नळीच्या तळाशी बांधू नये, कारण तेथून तेल वाहते आणि संकेत चुकतो.  बाष्पकात दाबाची घट मोठी असेल, तर त्याच्या शेवटच्या टोकाचा दाब पडद्याखाली आणणारी समकारी नळी जोडावी लागते.

विदर्भाच्या ग्रामीण भागात या झडपेचा संबंध मुख्यतः संत्र्याची शीतगृहे, दुधाच्या शीतकरण टाक्या आणि बर्फाचे कारखाने यांच्याशी येतो. वरूड, मोर्शी, काटोल, नरखेड या पट्ट्यातील मृग बहराची (पावसाळ्याच्या आरंभी येणाऱ्या फुलोऱ्याची) फळे फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात, म्हणजे साठवणीचे दिवस थेट उन्हाळ्यात जातात. नागपुरी संत्र्याला सुमारे ६ ते ७ अंश तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता मानवते. याहून फार थंड केल्यास सालीला इजा होते. आर्द्रता टिकवायची तर बाष्पक आणि खोलीतील हवा यांच्या तापमानातले अंतर थोडे ठेवावे लागते, अन्यथा फळांतला ओलावा नळ्यांवर दव होऊन निघून जातो. येथे झडपेची निवड निर्णायक ठरते. तापनियंत्रित झडपेच्या बाष्पकात शेवटचा भाग अतितापनासाठी खर्ची पडतो. अमोनियाच्या मोठ्या यंत्रांत तरंगक झडप बाष्पकातील द्रवाची पातळी कायम ठेवते, सर्व पृष्ठभाग ओला राहतो आणि अंतर कमी ठेवता येते. अमोनिया तांबे व पितळ खातो, त्यामुळे या झडपा पोलादी असतात. जुन्या कारखान्यांत हाताने फिरवायची झडपही असते आणि शोषण नळीवर (बाष्पकातून संपीडकाकडे जाणाऱ्या नळीवर) गोठलेले दहिवर कुठवर चढले आहे ते पाहून चालक ती चिमटीभर फिरवतो.

चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. हवेने थंड होणाऱ्या संघनकाचे तापमान अशा वेळी ६० अंशांच्या जवळ पोहोचते आणि वर सांगितलेला झडपेतील तोटा प्रत्यक्षात दिसू लागतो. पाण्याच्या मनोऱ्यावर (कूलिंग टॉवरवर) चालणाऱ्या यंत्राची स्थिती निराळी असते, कारण विदर्भाची मे महिन्यातील हवा कोरडी असल्याने ओल्या फडक्याचे तापमान, म्हणजे बाष्पीभवनाने पाणी जितके थंड होऊ शकते ते तापमान, हवेच्या तापमानापेक्षा खूप खाली राहते. त्यामुळे अशा यंत्रांची झडप ऐन उन्हाळ्यातही सुसह्य दाबावर चालते. मात्र वरूड-मोर्शीसारख्या भूजल खोल गेलेल्या तालुक्यांत त्यासाठी लागणारे पाणी हीच अडचण असते.

दूध काढल्यावर ते सुमारे ३५ अंशांचे असते आणि ते लवकरात लवकर ४ अंशांवर आणावे लागते. गावपातळीवरील टाक्यांत प्रशीतक टाकीच्या दुहेरी तळातच फिरते. वीज गेल्यावर प्रसरण झडपेच्या आधीची विद्युतचुंबकी झडप (विजेने उघडी राहणारी सोलेनॉइड झडप) मिटते. ती गळत असेल, तर द्रव हळूहळू बाष्पकात उतरतो आणि वीज परत येताच संपीडकाला धक्का बसतो. वारंवार वीज जाणाऱ्या फीडरवर संपीडक जळण्याचे खापर बहुधा व्होल्टेजवर फोडले जाते, पण अशा वेळी ही विद्युतचुंबकी झडपही तपासून पाहावी.

ओलावा हा लहान यंत्रांचा जुना शत्रू आहे. बाष्पकाचे तापमान शून्याखाली असेल, तर प्रशीतकातील पाण्याचा अंश झडपेच्या छिद्रात गोठतो, थंडावा थांबतो, काही वेळाने बर्फ वितळून यंत्र पुन्हा चालू लागते. झडपेवर गरम पाण्याचे फडके ठेवताच प्रवाह सुरू झाला, तर निदान पक्के समजावे आणि ओलावा शोषणारी गाळणी बदलावी. अमोनिया पाणी सहज विरघळवतो, म्हणून तेथे हा दोष असा उद्भवत नाही.

तापनियंत्रित झडपेच्या बल्बमधील भरणा त्या त्या प्रशीतकासाठी असतो. ओझोन थर वाचवण्यासाठीच्या मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार आर-२२ हे प्रशीतक बाजारातून जात असताना जुन्याच झडपेवर दुसरा वायू भरल्यास अतितापन बिघडते. बहुतेक वेळा झडप किंवा तिचा पडद्याचा भाग बदलणेच श्रेयस्कर असते. याच कराराची किगाली दुरुस्ती २०१६ मध्ये संमत झाली व भारताने तिला २०२१ मध्ये अनुसमर्थन दिले. तिच्यामुळे पुढे आर-१३४ए वरही मर्यादा येणार असल्याने हा प्रश्न दुसऱ्यांदा उभा राहील. स्टेप मोटरवर (ठरावीक टप्प्याटप्प्याने फिरणाऱ्या मोटरवर) चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक झडपांत प्रशीतक बदलल्यावर नियंत्रकातील नोंद बदलणे पुरते, परंतु त्यांना स्थिर विद्युत पुरवठा लागतो.