मीटरवर १६० आणि तरी रक्तात ॲसिड

"शुगर नॉर्मल आहे ना, मग काळजी नाही" हे वाक्य डायबेटीसच्या बाबतीत इतक्या वेळा ऐकलंय की ते चुकू शकतं हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. पण डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन अशा नावाची गोळी चालू असेल तर ते चुकू शकतं. आणि का चुकतं ते मला नीट सांगायचंय, कारण शरीराचं हे गणित खरंच भारी आहे.

आपल्या किडन्या दिवसाला साधारण १८० लिटर पाणी गाळतात, त्याच्यासोबत १८० ग्रॅमच्या आसपास ग्लुकोज बाहेर येतं आणि पुढच्या बारीक नळ्यांमध्ये ते जवळपास सगळं परत रक्तात ओढलं जातं. यातलं ९० टक्के काम एसजीएलटी२ नावाचं एकच प्रोटीन करतं. गोळी त्यालाच अडवते, मग रोज ६०-७० ग्रॅम साखर लघवीवाटे जाते, शुगर उतरते, वजनही थोडं उतरतं.

आता खरी गंमत पुढे आहे. शुगर उतरली की स्वादुपिंड इन्सुलिन कमी सोडतं, जे इंजेक्शन घेतात त्यांचा डोसही बरेचदा कमी केला जातो, आणि इन्सुलिनचं दुसरं काम म्हणजे चरबी पेशींतच धरून ठेवणं, ते ढिलं पडतं. तिकडे ग्लुकॅगॉन, म्हणजे इन्सुलिनच्या उलट काम करणारं हार्मोन, वाढतं, चरबीतून फॅटी ॲसिड सुटतात आणि लिव्हर त्यांचे कीटोन बनवायला लागतं. कीटोन आम्लधर्मी. थोडे असले तर शरीर निभावून नेतं, पण त्यात उलट्या, ताप, उपास किंवा दारूची भर पडली तर रक्तातलं ॲसिड शमवणारं बायकार्बोनेट संपत जातं, मग कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायला माणूस खोल आणि भरभर श्वास घ्यायला लागतो. हाच कीटोॲसिडोसिस. एरवी त्यात शुगर सहसा २५० च्या वर जाते त्यामुळे लगेच संशय येतो, इथे मात्र साखर लघवीतून गळत असते म्हणून पेशंट मळमळतोय, पोट दुखतंय, धाप लागलीय आणि मीटरवर दिसतात १६०!

या गटातली पहिली गोळी अमेरिकेत मार्च २०१३ मध्ये मंजूर झाली. पुढच्या साधारण सव्वा वर्षात तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेकडे अशा २० केसेस नोंदवल्या गेल्या आणि मे २०१५ मध्ये त्यांनी जाहीर इशारा दिला. मंजुरीआधीच्या चाचण्यांत काही हजार निवडक लोक असतात, दुर्मिळ धोका तिथे निसटतो, म्हणून मंजुरीनंतर एकेका डॉक्टरने भरलेला साइड इफेक्टचा रिपोर्ट फार मोलाचा असतो. आणि निर्णय उलटेही फिरतात, कॅनाग्लिफ्लोझिनवर २०१७ मध्ये पाय कापावा लागण्याच्या धोक्याची चौकटीतली, म्हणजे लेबलवरची सगळ्यात कडक, वॉर्निंग आली होती, नवीन डेटा पाहून २०२० मध्ये ती चौकट काढली, धोक्याची माहिती लेबलवर ठेवली.

"नॅचरल असतं तर असं झालं नसतं" म्हणणाऱ्यांसाठी, या औषधांचा पूर्वज फ्लोरिझिन १८३५ साली सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून काढलेला आहे. तो आतड्यातल्या जुळ्या प्रोटीनलाही अडवतो आणि जुलाब लावतो, सुरक्षित रेणू नंतर लॅबमध्येच घडवावे लागले.

या गोळ्या हृदय आणि किडनीला खरोखर वाचवतात, त्यामुळे हे वाचून मनानेच बंद करू नका. पण गोळी चालू असताना कुणाचं ऐकून कार्ब एकदम तोडू नका, उलट्या होऊन खाणं बंद झालं तर डॉक्टरला त्याच दिवशी फोन करा. मीटर काहीही दाखवू दे, रक्तातले कीटोन तपासायला सांगा. ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी सर्जनला आधीच सांगा, कारण २०२० पासून एफडीएच्या लेबलप्रमाणे ती किमान ३ दिवस आधी थांबवायची असते, एर्टुग्लिफ्लोझिन असेल तर ४.