इंजिन सीज झालंय की पाण्याने अडलंय?

पाण्यात बुडालेला जुना ट्रक बाहेर काढला की तासाभरात कोणीतरी सेल्फ मारतंच. ‘ठक्’ असा एकच आवाज येतो, इंजिन जागचं हलत नाही आणि भोवती जमलेल्यांपैकी एक जण छातीठोकपणे सांगतो, ‘सीज झालं.’ पुढचा सगळा कारभार त्या एका शब्दावर चालतो. कोणी दुसरी बॅटरी जोडतं, कोणी टोचन लावून गाडी गिअरमध्ये ओढतं, कोणी इंजिन उतरवायच्या गोष्टी करतं. अहो, काल बुडालेलं इंजिन आज सीज होत नाही. ते पाण्याने अडलेलं असतं. याला हायड्रोलॉक म्हणतात, आणि ‘सीज’शी त्याचं नातं इतकंच की दोन्हींत इंजिन फिरत नाही.

सीज म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. ऑइल संपलं आणि बेअरिंगने धरलं, किंवा गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली आणि पिस्टनच्या रिंगा गंजून लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, चिकटल्या. धातूने धातूला धरलं. यावर अधिक बोलत नाही.

हायड्रोलॉकमध्ये कशालाच कशाने धरलेलं नसतं. पिस्टनच्या डोक्यावर पाणी साचलेलं असतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. किती पाणी लागतं? सहा सिलिंडरचं सहा लिटरचं डिझेल इंजिन घ्या, म्हणजे एका सिलिंडरला एक लिटर. कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे हवा किती पट दाबली जाते ते प्रमाण, १७:१ धरला तर पिस्टन अगदी वर आल्यावर त्याच्या डोक्यावर साधारण ६२ मिलिलिटर जागा उरते. चार मोठे चमचे. त्याहून थोडं जरी जास्त पाणी आत असलं, तरी पिस्टन वरपर्यंत जाऊच शकत नाही. तेवढ्याच सिलिंडरच्या ९:१ च्या पेट्रोल इंजिनात हीच जागा १२५ मिलिलिटर असते. म्हणून ‘माझ्या गाडीत पाणी गेलं होतं, काही झालं नाही’ हा पेट्रोलवाल्याचा अनुभव डिझेल ट्रकला लावू नका.

आता जिथे सगळे फसतात ती गोष्ट. आवाजावरून या दोन्हींतला फरक कळत नाही. सीज इंजिनही ‘ठक्’ करतं, अडलेलंही करतं, आणि सेल्फमध्ये पाणी गेलं असेल तर नुसता सेल्फही तेच करतो. फरक कळतो तो हाताने फिरवल्यावर, त्यातही उलटं फिरवल्यावर.

आधी बॅटरीची वायर काढा, गाडी न्यूट्रलला टाका, फॅनबेल्ट उतरवा. गंजलेला वॉटर पंप किंवा डायनॅमो उगाच संशयाला जागा नको. मग फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड दातेरी चाकाच्या, दातात टॉमी (लोखंडी दांडा) अडकवून इंजिन हळूहळू फिरवा. इंजिनच्या पुढच्या पुलीच्या बोल्टवरून फिरवायचा मोह टाळा, उलट्या दिशेला तो बोल्टच ढिला होतो. सीज इंजिन दोन्ही बाजूंना सारखंच मुकं असतं. पाण्याने अडलेलं इंजिन पुढच्या दिशेला थोडं फिरतं आणि भिंतीला टेकल्यासारखं थांबतं; मागे फिरवलं की मात्र सहज सुटतं. नुसत्या कॉम्प्रेशनवर थांबलेलं इंजिन हाताला स्प्रिंगसारखं परत ढकलतं. पाणी ढकलत नाही. एकदा हाताला हा फरक कळला की पुन्हा विसरत नाही.

तरी शंका राहिली तर सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सगळे नोझल काढा. नोझल काढल्यावर इंजिन मोकळं झालं, तर आत पाणी होतं. तरीही त्याच जागी ठेचकाळत असेल, तर आत काहीतरी वाकलंय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. आणि अजूनही दोन्हीकडे मुकंच असेल, तेव्हा खुशाल सीज म्हणा. कोणी सेल्फचं बटण दाबण्याआधी कामाला आणायचा शब्द नाही हा.

नोझल काढल्यावरही पहिल्या दोनतीन फेऱ्या हातानेच. मग डिझेल तोडण्यासाठी डिझेल पंपाचा स्टॉप लिव्हर ओढून धरायचा, नोझलच्या भोकांवर फडकं टाकायचं, तोंड बाजूला ठेवायचं आणि तेव्हा कुठे सेल्फ. पाणी पिचकारीसारखं उडतं. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल ओतून पुन्हा फिरवा. हे सगळं त्याच दिवशी करायचं. ओल्या लायनरवर काही तासांतच गंजाचा पापुद्रा येतो, खारं पाणी असेल तर आणखी लवकर. ‘आठ दिवस उन्हात सुकू दे, मग बघू’ म्हणणाऱ्याच्या हाती आठव्या दिवशी खरंखुरं सीज इंजिन येतं. मग डिझेल आणि ऑइल ओतून भिजत ठेवा, रोज टॉमीने मागेपुढे हलवा, नाहीच सुटलं तर हेड (सिलिंडरवरचं झाकण) उतरवा.

मेकॅनिकने पहिला प्रश्न विचारायचा असतो तो ‘पाणी किती होतं’ हा नव्हे. गाडी पाण्यात चालू होती की बंद, हा तो प्रश्न. उभ्या ट्रकमध्ये पाणी उघड्या व्हॉल्व्हमधून हळूहळू शिरतं. काही मोडत नाही, निदान कोणी सेल्फ मारेपर्यंत तरी. चालत्या ट्रकने एअर फिल्टरमधून पाणी ओढलं, तर फिरत्या इंजिनचा सगळा जोर पिस्टनला खालून जोडलेल्या एका कनेक्टिंग रॉडवर येतो आणि तो वाकतो. टोचन लावून गिअरमध्ये ओढणं म्हणजे उभ्या ट्रकवर हीच वेळ आपल्या हाताने आणणं. ट्रकच्या सगळ्या वजनापुढे रॉडचं काय चालणार!

ऑइलबद्दलही एक गैरसमज ऐकून कान किटले आहेत. ‘ऑइल दुधाळ नाही, म्हणजे पाणी गेलेलं नाही.’ दुधाळ होतं ते घुसळलेलं ऑइल. बंद इंजिनात पाणी जड म्हणून चेंबरच्या, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या, तळाशी बसतं आणि डिपस्टिकवर वरचं स्वच्छ ऑइलच दिसतं. बघायची ती पातळी. वाढली असेल तर कारण उघड आहे. चेंबरचा नट सैल करा, आधी पाणीच येईल. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये पाणी ब्रीदरमधून (हवा जायच्या भोकातून) शिरतं, तिथलं ऑइल न बघताच बदला. चाकांच्या हबमधलं ग्रीसही.

सेल्फ आधीच मारून बसला असाल, तर पाणी काढल्यावर इंजिन सुरू झालं म्हणून पेढे वाटू नका. वाकलेल्या रॉडवरही इंजिन चालतं. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी भरतं, धूर वाढतो, खालून ठोका येतो आणि एखाद्या दिवशी लोडवर असताना तो रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. कॉम्प्रेशन मोजा. एक सिलिंडर कमी दाखवत असेल तर हेड उतरवून प्रत्येक पिस्टन अगदी वर आणा आणि ब्लॉकच्या कडेपासून त्याची उंची मोजा. रॉड वाकला असेल तर तो पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली थांबतो. कोणी तो रॉड प्रेसखाली सरळ करून द्यायला निघालं तर हात जोडा आणि नवा रॉड घाला.