सौर डीसी जोडणी

सौर पॅनलची वीज इन्व्हर्टरमधून न नेता, ती तयार होते त्याच दिष्ट प्रवाहाच्या म्हणजे डीसीच्या रूपात 12 व्होल्टच्या उपकरणांना पुरवण्याची पद्धत. खान्देशात मळ्यातल्या खोलीत आणि सातपुड्याच्या पाड्यांवर ती विशेष उपयोगी पडते. एलईडी दिवा, मोबाइल, पाठीवरचा फवारणी पंप, रानडुकरांपासून पीक राखणारे झटका मशीन ही सगळी आतून डीसीवरच चालतात. (कुंपणात थेट लाइन सोडणे माणसाच्या जिवावर बेतते, झटका मशीन क्षणभराचाच झटका देते.) या उपकरणांसाठी आधी इन्व्हर्टरने 230 व्होल्ट एसी म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाह करून चार्जरमधून पुन्हा डीसीवर यायचे, म्हणजे दोनदा घट सोसायची. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. तिथली वीज लांब जाते, म्हणून ती एसी करावीच लागते. मळ्यातली वीज दहा पावलांवर वापरायची असते.

36 सेलचे पॅनल कागदोपत्री सुमारे 18 व्होल्ट देते. 12 व्होल्टच्या बॅटरीला एवढे कशाला, याचे उत्तर भुसावळच्या मे महिन्यात मिळते. सेल 65 अंशांपर्यंत तापले की त्या 18 व्होल्टचे जेमतेम 15 उरतात, आणि शिसे-आम्ल बॅटरी पुरती भरायला 14.4 व्होल्टच्या आसपास लागतात. पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नये, खालून वारा खेळता ठेवावा. काहीही जोडलेले नसताना मात्र हेच पॅनल 21 व्होल्टच्या वर जाते, म्हणून मध्ये बॅटरीचे भरणे आवरणारा चार्ज कंट्रोलर हवाच. मोबाइलला 5 व्होल्टचा कन्व्हर्टर लागतो.

सर्वांत जास्त फसगत वायरीत होते. 60 वॉटला 230 व्होल्टवर पाव अँपिअर पुरतो, 12 व्होल्टवर 5 अँपिअर लागतात. बॅटरीपासून 10 मीटरवर 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, तर जाऊन-येऊन पावणेदोन व्होल्ट वायरीतच जिरतात, 2.5 ची घेतली तर पाऊणच. पंखा मंद फिरला की लोक पॅनलला दोष देतात. आधी वायरीचा जोड गरम लागतो का, ते पाहावे.

फ्यूज बॅटरीच्या प्लस टोकाला अगदी लगत बसवावा. 12 व्होल्टचा शॉक लागत नाही हे खरे, पण शॉर्ट झालेली बॅटरी बारीक वायर लाल करते, आणि शेजारी कपाशी किंवा कडबा रचलेला असतो.