फेल्टचे हातशिवणकाम

फेल्टचे हातशिवणकाम : फेल्ट या न विणलेल्या कापडाचे तुकडे कापून आणि हाताने शिवून भेटवस्तू, खेळणी व घरातील लहानमोठ्या उपयोगाच्या किंवा सजावटीच्या वस्तू तयार करण्याची हस्तकला. सुई, दोरा, कात्री आणि तळहाताएवढे दोन-चार तुकडे एवढ्या सामग्रीवर तिची सुरुवात होते, शिलाई यंत्र लागत नाही आणि साधी वस्तू एका बैठकीत पुरी होऊ शकते; त्यामुळे सुई पहिल्यांदाच हातात धरणाऱ्याला बहुधा हेच काम प्रथम दिले जाते. तिचे हे सोपेपण मुख्यतः कापडाच्या जडणघडणीतून आलेले आहे, आणि कापणे, शिवणे, भरणे यांच्या तिच्या बहुतेक रीतीही त्याच जडणघडणीतून ठरल्या आहेत.

कापडाची जडणघडण : साध्या कापडात उभे आणि आडवे धागे एकमेकांत गुंफलेले असतात. ते कापले की कडेचे धागे सुटू लागतात, म्हणून कापड बेतताना शिवणीसाठी माया सोडावी लागते, कड दुमडावी लागते आणि वस्तू उलट बाजूने शिवून मग सुलट करावी लागते. फेल्टमध्ये धागाच नसतो. लोकरीच्या प्रत्येक तंतूच्या पृष्ठभागावर एकाच दिशेला झुकलेले सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि सततचे चोळणे यांमुळे तंतू एकमेकांत सरकतात, परंतु खवले अडकत असल्यामुळे त्यांना माघारी फिरता येत नाही, आणि असा गुंता घट्ट होत होत त्याचा सलग, जाडसर थर बनतो. घरात लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला गेला म्हणजे तो आकसून कडक होतो, ती हीच प्रक्रिया होय. (असा आकसलेला स्वेटर टाकून न देता कापून त्याच्या वस्तू शिवता येतात, मात्र यंत्रात धुता यावी म्हणून जिच्या तंतूंवरचे खवले रासायनिक प्रक्रियेने बोथट केलेले किंवा झाकलेले असतात, ती लोकर अशी आटत नाही.)

असा थर कोठूनही कापला तरी कडेला सुटण्यासारखे काही उरत नाही. त्यामुळे माया सोडणे, कड दुमडणे आणि वस्तू उलटवणे ही तिन्ही कामे वाचतात, कागदावर काढलेला आकार हाच कापायचा आकार ठरतो, आणि उभ्या-आडव्या धाग्यांचा कल पाहायचा नसल्याने उरलासुरला तुकडाही कोणत्याही दिशेने वापरता येतो. याच गुणाची दुसरी बाजू अशी, की ताण पेलणारे धागे नसल्यामुळे फेल्ट ओढले असता पसरते व अखेर तुटते, कापडासारखे अंगासरशी पडत नाही आणि सतत घासले गेल्यास त्याच्यावर लोकरीच्या बारीक गोळ्या येतात. म्हणून पिशवीचे बंद, किल्लीच्या कडीचा पट्टा अशा ओढ बसणाऱ्या भागांत दुहेरी थर घेणे किंवा मधून विणलेली फीत घालणे इष्ट असते.

बाजारात मिळणारे फेल्ट शुद्ध लोकरीचे, लोकर आणि व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासून काढलेला तंतू) यांच्या मिश्रणाचे किंवा पूर्णपणे अ‍ॅक्रिलिक अथवा पॉलिस्टरचे असते. कृत्रिम तंतूंना खवले नसल्यामुळे त्यांचे फेल्ट कडेला बारीक खाचा असलेल्या सुयांनी यंत्रात वारंवार टोचून, तंतू यांत्रिक रीतीने गुंतवून तयार करतात; प्लास्टिकच्या वापरलेल्या बाटल्यांपासून काढलेले पॉलिस्टर तंतूही त्यासाठी चालतात. हे फेल्ट स्वस्त आणि अनेक रंगांत उपलब्ध असते, पण पातळ प्रकारांत ते टाक्यापाशी ओढले जाऊन भोके पडतात आणि कडक इस्त्रीखाली वितळते. सरावासाठी कृत्रिम आणि भेट म्हणून टिकावी अशा वस्तूसाठी मिश्र किंवा शुद्ध लोकरीचे फेल्ट घेणे शहाणपणाचे आहे, कारण शिवण्याचे कष्ट दोन्हींत सारखेच पडतात.

इतिहास : फेल्टला आपल्याकडे रूढ असलेला नमदा हा शब्द फारसीतील नमद या शब्दावरून आला आहे. हे कापड मध्य आशियातील पशुपालक समाजांत प्राचीन काळापासून तंबू, जीन, पादत्राणे आणि अंथरुणे यांसाठी वापरात आहे. सायबेरियातील अल्ताई पर्वतातील पाझिरिक येथील गोठलेल्या दफनटेकड्यांत इ. स. पू. पाचव्या ते तिसऱ्या शतकांच्या सुमाराच्या फेल्टच्या वस्तू उत्खननात सापडल्या. त्यांत रंगीत तुकडे कापून शिवलेली खोगिरांची आच्छादने आहेत, आणि फेल्टचे तुकडे शिवून आत भरण घातलेले हंसही आहेत. ते आता सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटेज संग्रहालयात आहेत. आजही कोणी फेल्टचा पक्षी करायला घेतला, तर त्याची कृती या हंसांहून तत्त्वतः वेगळी नसते. किरगिझस्तानातील शिरदाक नावाच्या गालिचांत दोन रंगांचे थर एकावर एक ठेवून एकच नक्षी कापतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून शिवतात, त्यामुळे एकाच कापणीतून परस्परांच्या उलट रंगांचे दोन गालिचे निघतात आणि कापड वाया जात नाही. ही कला २०१२ मध्ये युनेस्कोच्या तातडीने जतन करावयाच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झाली.

घरगुती भेटवस्तूंच्या संदर्भात जर्मनीतील गिंगेन येथील मार्गारेटे श्टाइफ (१८४७–१९०९) यांचे उदाहरण महत्त्वाचे आहे. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे त्यांना चालता येत नव्हते. शिवणकाम शिकून त्यांनी फेल्टच्या कपड्यांचा व्यवसाय सुरू केला. १८८० मध्ये त्यांनी टाचण्या टोचून ठेवण्यासाठी फेल्टचा लहानसा हत्ती केला. मुलांनी तो खेळायला घेतला, आणि टाचण्यांची ती गादीच पुढे मऊ खेळण्यांच्या एका मोठ्या उद्योगाची सुरुवात ठरली.

साहित्य : कात्री लहान, टोकदार आणि धारदार असावी, व तिने कागद कापू नये, कागदाने धार जाते आणि बोथट कात्री फेल्ट कापण्याऐवजी चघळते. भरतकामाची, लांबट नेढ्याची सुई सोयीची असते. दोरा म्हणून भरतकामाचा सहापदरी सुती दोरा घेऊन त्यातले दोन किंवा तीन पदर वेगळे काढून वापरतात. दोऱ्याची लांबी बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर ठेवावी; त्याहून लांब दोरा पिळला जाऊन गाठी पडतात आणि पुन्हापुन्हा फेल्टमधून ओढला गेल्याने झिजतो. जाड थरांतून सुई काढताना अंगुस्तान, म्हणजे बोटावर घालायची टोपी, उपयोगी पडते.

बेतणे व कापणे : आकार पुठ्ठ्यावर काढून, कापून, फेल्टवर ठेवून कडेने खडूने गिरवणे ही नेहमीची पद्धत आहे. फेल्टवर पेन्सिलीची रेघ नीट उमटत नाही आणि पेनची शाई पुसत नाही, त्यामुळे रेघेच्या आतून कापावे, म्हणजे खूण कडेवर राहत नाही. अगदी बारीक आकारांसाठी एका बाजूला प्लास्टिकचा पातळ लेप असलेला कागद कोमट इस्त्रीने फेल्टवर हलका चिकटवून कागदासह कापता येते. मग कागद सहज सुटतो. दोन थर एकदम कापल्यास खालचा थर सरकतो आणि दोन्ही बाजू जुळत नाहीत, म्हणून प्रत्येक तुकडा स्वतंत्र कापणे बरे. वळणावर कात्री न फिरवता दुसऱ्या हातातले फेल्ट फिरवीत जावे.

भरीव वस्तू बेतताना नवशिक्याची एक चूक हमखास होते. सपाट आकार भरला की फुगतो आणि तेवढाच अरुंद होतो. दोन सारख्या चकत्या कडेने जोडून पूर्ण फुगवल्या, तर न ताणणाऱ्या कापडात त्यांचा व्यास मूळच्या सुमारे ७६ टक्के उरतो, म्हणजे १० सेंटिमीटरच्या चकत्यांची उशी साडेसात सेंटिमीटरच्या आसपास भरते. फेल्ट थोडे ताणत असल्याने प्रत्यक्षात घट काहीशी कमी असते. तरीही हत्तीचे पाय, पक्ष्याची मान, अक्षरांचे दांडे असे निमुळते भाग कागदावर दिसायला हवेत त्याहून रुंदच काढावे लागतात, नाहीतर भरल्यावर ते काड्यांसारखे दिसतात.

टाके : कड मोकळी राहत असल्याने फेल्टमधील टाका लपत नाही. कपड्यातली वाकडी टीप आतल्या बाजूला दडून जाते. येथे प्रत्येक टाका वस्तूच्या दर्शनी बाजूवर असतो आणि तोच तिची किनार ठरतो. सोपे मानले गेलेले हे काम नीटस होणे त्यामुळेच वाटते तितके सोपे नसते. सर्वांत साधा टाका धावदोऱ्याचा. कडेपासून तीन मिलिमीटर आत, सारख्या अंतराने घातलेला धावदोरा सपाट वस्तूंना पुरतो, पण भरीव वस्तूंत टाक्यांच्या मधून भरण डोकावते. तेथे कडेवरून तिरपे गुंडाळत जाणारे टाके किंवा ब्लँकेट टाका वापरतात. ब्लँकेट टाक्यात सुई कडेपासून तीन-चार मिलिमीटर आत टोचून, तिचे टोक कडेबाहेर आल्यावर दोऱ्याच्या फासावरून ओढून घेतात. त्यामुळे प्रत्येक टाक्याचा एक पाय आत जातो आणि एक आडवी रेघ कडेवर बसून दोन्ही थर एकत्र आवळते. काजाचा टाका याच फासाचा दाट प्रकार होय. टाक्यांमधले अंतर त्यांच्या उंचीइतके ठेवले की किनार चौकटीसारखी दिसते. टोकावर वळताना एकाच भोकातून तीन टाके पंख्यासारखे घालावेत, आणि दोरा इतकाच ओढावा की फास कडेवर टेकेल, कड मुडपणार नाही.

दोऱ्याची सुरुवातीची गाठ दोन थरांच्या मध्ये राहील अशी आतून सुई काढावी. शेवटी गाठ मारून सुई वस्तूच्या पोटातून दूरवर काढून दोरा कापला की त्याचे टोक आत ओढले जाते. तोंडाची रेघ व मिशा यांना उलटी टीप, नावाच्या अक्षरांना साखळी टाका आणि डोळ्यांना गाठीचा टाका वापरतात. ही सर्व नक्षी तुकडे जोडण्यापूर्वी करून घ्यावी, कारण मग मागच्या गाठी आत झाकल्या जातात. एका रंगाच्या तुकड्यावर दुसऱ्या रंगाचा आकार बसवताना टाचण्या लावल्यास लहान आकार उचलला जातो. त्यापेक्षा डिंकाचा एक ठिपका लावून कडेने बारीक टाके घालणे सोयीचे पडते. संपूर्ण वस्तू गरम गोंदाने चिकटवण्याची पद्धतही प्रचलित आहे. तिने वेळ वाचतो. पण गोंद तंतूंत मुरून फेल्ट कडक होते, उष्णतेने जोड सुटतात आणि शिवणीसारखी उसवून दुरुस्ती करता येत नाही.

भरण : पॉलिस्टरचा तंतुमय कापूस, लोकर किंवा बारीक कातरलेल्या चिंध्या आत भरतात. तीन-चार सेंटिमीटरची फट ठेवून, लहान लहान बोळे बोथट काडीने आधी दूरच्या टोकांत सारावे आणि मधला भाग शेवटी भरावा. भरण अति ठासल्यास टाक्यांची भोके ताणून उघडी दिसतात.

वस्तू : पहिल्या कामासाठी पुस्तकखूण किंवा कपाखालची चौकोनी पट्टी योग्य ठरते, कारण तिच्यात भरण नसते आणि टाक्यांचा सराव सरळ कडेवर होतो. त्यानंतर सुयांची वही करता येते : मिश्र रंगाच्या मुखपृष्ठात फेल्टची दोन-तीन पाने मध्यभागी शिवायची आणि त्यांत सुया टोचून ठेवायच्या. शिवण करणाऱ्या माणसाला देण्याजोगी याहून नेमकी भेट दुसरी क्वचितच असेल. टाचण्यांच्या गादीत कापसाऐवजी कुरुंदाची (घासण्यासाठी वापरायच्या कठीण दगडाची) पूड भरल्यास तीत खुपसताना सुयांची टोके साफ होतात. चष्म्याचे घर, किल्लीची खूण, फुलांचे पिन, वाळवलेल्या सुगंधी पानांच्या पुड्या, भिंतीवर टांगायच्या माळा आणि मुलाच्या नावाची भरीव अक्षरे हे प्रकारही नेहमीचे आहेत. बोटावर घालायच्या बाहुलीसाठी बोटाच्या घेराच्या निम्मी अधिक सुमारे एक सेंटिमीटर एवढी रुंदी घ्यावी लागते. वाढीव सेंटिमीटर दोन्ही कडांच्या टाक्यांत जातो. गरम भांड्याखाली ठेवायची चकती मात्र जाड शुद्ध लोकरीचीच करावी : लोकर सहसा पेट घेत नाही आणि उष्णता अडवते, तर अ‍ॅक्रिलिक भांड्याला चिकटते.

लहान मुलांसाठी : तीन वर्षांखालील मुलाला द्यायच्या वस्तूला गुंडी, मणी किंवा टिकली लावू नये, डोळे दोऱ्यानेच भरावेत. अमेरिकेतील नियमांत या वयाच्या खेळण्यांचे सुटे होऊ शकणारे भाग ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यात मावतात का हे तपासले जाते, आणि मावणारा भाग घशात अडकण्याजोगा मानला जातो. हे माप घरच्या कामातही उपयोगी पडते. लांब दोऱ्या व लोहचुंबक टाळावेत. मूल स्वतः शिवत असेल तर बोथट टोकाची मोठी सुई आणि कडेने आधीच भोके पाडलेला तुकडा द्यावा. जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रबेल यांनी एकोणिसाव्या शतकात बालोद्यानासाठी (किंडरगार्टनसाठी) ठरवलेल्या हस्तव्यवसायांतही भोके पाडलेल्या कार्डावर दोरा ओवणे होते.

निगा : लोकरी फेल्टच्या वस्तू यंत्रात धुवू नयेत, थंड पाण्यात सौम्य साबणाने डाग टिपून, न पिळता, सपाट वाळवाव्यात. गडद लाल व काळे रंग पहिल्या वेळी उतरतात, म्हणून पांढऱ्या तुकड्यालगत शिवण्यापूर्वी लाल तुकडा ओल्या फडक्याने घासून पाहावा. पृष्ठभागावर आलेल्या गोळ्या ओढून न काढता कात्रीने छाटाव्यात, कारण ओढल्यास आतले तंतूही बाहेर येतात. कृत्रिम फेल्टला कीड लागत नाही, पण लोकरीला कसर लागते. तिच्या अळ्या लोकरीतील केराटिन या प्रथिनावर जगतात आणि अंधाऱ्या, न हलवलेल्या कोपऱ्यांत वाढतात, म्हणून साठवून ठेवलेल्या वस्तू अधूनमधून बाहेर काढून, झटकून, उजेडात ठेवाव्या लागतात.