तळहातावरचे चेहरे

१७७२ च्या मे महिन्यात चित्रकार चार्ल्स विल्सन पील व्हर्जिनियात माउंट व्हर्ननला वॉशिंग्टन कुटुंबाकडे आला होता. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं मोठं तैलचित्र त्याने केलंच, शिवाय पत्नी मार्था आणि तिची आधीच्या लग्नाची दोन मुलं, जॅकी आणि पॅट्सी, यांची मुठीत मावतील अशी लघुचित्रंही काढली. पॅट्सीला फेफऱ्याचा आजार होता. पुढच्याच वर्षी जूनमध्ये, सतराव्या वर्षी, ती गेली. आईच्या हाती लेकीचं ते हस्तिदंतावरचं इवलंसं चित्र राहिलं.

हस्तिदंतावर जलरंगात चेहरे रंगवण्याची रीत १७०० च्या सुमारास व्हेनिसच्या रोझाल्बा कॅरिएरा हिने रूढ केली. त्याआधी अशी चित्रं कातड्यापासून केलेल्या पातळ चर्मपत्रावर काढत. अमेरिकेत १७४० च्या दशकात चार्ल्सटनला मेरी रॉबर्ट्स हे काम करत होती. काम फार जिकिरीचं. हस्तिदंताचा पातळ पापुद्रा घासून त्याचा तेलकटपणा घालवायचा, नाहीतर रंग धरतच नाही. मग डिंकात कालवलेला रंग बारीक रेघा नि ठिपक्यांनी बसवायचा. गालावर, कपाळावर हात अगदी हलका ठेवायचा, म्हणजे खालच्या हस्तिदंताची झाक वर येते आणि कांती जिवंत वाटते.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मागणी वाढली. पील स्वतः सैन्यात होता. १७७७-७८ च्या हिवाळ्यात वॉशिंग्टनच्या सैन्याच्या व्हॅली फोर्जच्या छावणीत त्याने अधिकाऱ्यांची अशी चित्रं काढली. नवरा परत येईल की नाही याची खात्री नसताना घरच्या बाईला तेवढाच आधार.

मला मात्र या चित्रांची मागची बाजू जास्त बोलकी वाटते. अनेकदा तिथे काचेखाली त्या माणसाच्याच केसांची नाजूक वीण असते, वर सोनेरी आद्याक्षरं. दागिन्यांच्या डब्यातून ही चित्रं आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे गेली. अंधारात राहिली म्हणून रंग टिकले. उजेडात टांगलेली फिकी पडली. पण पूर्ण नाव बहुतेकदा कुठे लिहिलेलं नसायचं. "हे आपले अमुक" असं सांगणारी आजी गेली, की चेहरा तेवढा उरायचा. म्हणून संग्रहालयांत आज कितीतरी चित्रांखाली नुसतं 'अनोळखी स्त्री' असं लिहिलेलं असतं.

१८३९ मध्ये डगेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावरचा सुरुवातीचा फोटो, आला आणि काही वर्षांतच ही कला मागे पडली. नवे फोटो मात्र लघुचित्रांसारख्याच, आत मखमल लावलेल्या, मिटणाऱ्या छोट्या डब्यांत घरोघरी जाऊ लागले.