रक्ताची गुठळी आणि घाटरस्त्याचा वेळ

कोल्हापूर शहरात आज अँजिओप्लास्टीची सोय आहे. पण चंदगड, आजरा, गगनबावडा किंवा शाहूवाडीच्या एखाद्या वाडीत मध्यरात्री कुणाला हार्ट अटॅक आला, तर गाडी मिळेपर्यंत आणि मग शहर गाठेपर्यंत तास निघून जातात. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला होता. म्हणूनच हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन हा उपाय इथे अजून जुना झालेला नाही.

त्याचा शोध हृदयरोगाच्या संशोधनातून लागलेला नाही. १९३३ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात विल्यम टिलेट आणि आर. एल. गार्नर यांना दिसले की घशाचा संसर्ग करणाऱ्या स्ट्रेप्टोकोकस जिवाणूंपासून सुटणारा एक पदार्थ माणसाच्या रक्ताची गुठळी विरघळवतो. तेच पुढचे स्ट्रेप्टोकायनेज. ते गुठळीला थेट तोडत नाही. आपल्याच रक्तातल्या प्लाझ्मिनोजेनला ते कामाला लावते, त्यापासून प्लाझ्मिन तयार होते आणि प्लाझ्मिन गुठळीतले फायब्रिनचे जाळे कापते.

१९५८ मध्ये सोल शेरी आणि सहकाऱ्यांनी ते हृदयविकाराच्या रुग्णांना शिरेतून देऊन पाहिले होते. तरीही ते सर्रास वापरात यायला आणखी जवळपास तीस वर्षे गेली. अडचण औषधाची कमी आणि समजुतीची जास्त होती. गुठळीमुळे झटका येतो की झटक्यानंतर गुठळी होते, यावर डॉक्टरांचेच एकमत नव्हते. तोवर रुग्णाला वेदनाशामक देऊन कित्येक दिवस अंथरुणावर निजवून ठेवत. १९८० मध्ये मार्कस डीवूड यांनी झटका आल्यापासून चार तासांच्या आत अँजिओग्राफी केलेल्या रुग्णांची पाहणी मांडली. त्यांतल्या ८७ टक्के रुग्णांची रक्तवाहिनी पूर्ण बंद होती. वाद तिथे बहुतांशी मिटला.

मग आला १९८६ चा इटलीतला ‘गिसी’ अभ्यास. सुमारे ११,८०० रुग्णांपैकी ज्यांना स्ट्रेप्टोकायनेज मिळाले, त्यांच्यात २१ दिवसांतले मृत्यू १३ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. मला यातली दुसरी नोंद अधिक मोलाची वाटते. पहिल्या तासाभरात औषध मिळालेल्यांमध्ये मृत्यू जवळपास निम्म्याने घटले. १९८८ च्या ‘आयसिस-२’ अभ्यासात स्ट्रेप्टोकायनेजच्या जोडीला साधी ॲस्पिरिन दिली, तेव्हा पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने होणारे मृत्यू, दोन्ही औषधे न मिळालेल्यांच्या १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर उतरले.

पुढे गुठळी विरघळवणारे दुसरे औषध, टीपीए (टिश्यू प्लाझ्मिनोजेन ॲक्टिव्हेटर), आले. ते अधिक नेमके, पण महाग. भारतात बराच काळ भर राहिला तो स्वस्त स्ट्रेप्टोकायनेजवरच. ते १५ लाख युनिट, तासाभरात सलाईनमधून द्यावे लागते. त्याने रक्तदाब घसरू शकतो, कधी ॲलर्जी होते आणि एकदा दिले की सहसा पुन्हा देत नाहीत. टीपीएचेच सुधारित रूप असलेले टेनेक्टेप्लेज मात्र वजनानुसार मोजून एकाच दमात शिरेत देता येते. ते पुण्यातल्या जेनोव्हा कंपनीतही तयार होते. जिथे एकच डॉक्टर आणि एकच नर्स असते, अशा तालुक्याच्या दवाखान्याला हा फरक फार मोठा आहे.

इंजेक्शन सगळ्यांना चालत नाही. ईसीजीच्या रेषेतला ‘एसटी’ नावाचा भाग वर उचललेला दिसला तरच सहसा ते देतात. मेंदूत पूर्वी रक्तस्राव झालेला असेल, नुकतेच मोठे ऑपरेशन झाले असेल किंवा कुठे रक्त जात असेल, तर टाळतात, कारण शंभरात एखाद्याला त्याने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

भारतातल्या रुग्णांची ‘क्रिएट’ ही नोंदणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात त्रास सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचण्याचा मध्यक वेळ सहा तास होता. रुग्णालयात आल्यावर औषध सुरू व्हायला मात्र साधारण ५० मिनिटेच लागत होती. म्हणजे वेळ जातो तो दाराबाहेर. पित्त झालंय, गॅस धरलाय, सोडा घे, सकाळी बघू, असे म्हणण्यात तो किती जातो हे आपल्याकडच्या कुठल्याही घराला ठाऊक आहे. १०८ ची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, पण फोन आधी करावा लागतो.

इंजेक्शननंतर बरे वाटले म्हणून रुग्णाला घरी नेणे धोक्याचे आहे. तासा-दीड तासात ईसीजी पुरेसा सुधारला नाही, तर लगेच अँजिओप्लास्टी लागते. सुधारला तरी पुढच्या ३ ते २४ तासांत अँजिओग्राफी व्हायला हवी. त्यामुळे तालुक्यातून कोल्हापूरला निघताना पहिला ईसीजी आणि इंजेक्शन दिल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी नातेवाइकांनी सोबत घ्यावी.